आत्याच्या नवऱ्याचा आयरिश पणजोबा

माझ्या आत्याच्या नवऱ्याचा पणजोबा शोधायला मी वर्षभर दंडूत जात होते, आणि घरी सांगत होते की शॉर्टहँडचा वरचा वर्ग चालू आहे.

दंडू म्हणजे बेंगळूरची छावणी. पेटेतले, म्हणजे जुन्या शहरातले, आम्ही लोक तिला तेच म्हणायचो. पेटेत आमच्या शिंपी समाजाची मराठी घरं कित्येक पिढ्यांपासूनची. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान चिकपेटेमागच्या एका बोळात होतं. तिथून दंडू फार तर तीन मैल. तरी घरात दंडूचा विषय निघाला की आई उठून आत जायची. असं का, ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

तेव्हा मी दंडूत टायपिंग शिकायला जात होते. एका दुपारी बसच्या थांब्यावर फ्रॉक घातलेली, चाळिशी उलटलेली एक बाई माझ्याकडे एकटक बघत उभी होती. मला वाटलं, पत्ता विचारायचा असेल. ती जवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "तू चिकपेटेतल्या शिंप्याची ना? तुझं नाक माझ्या आईचं आहे."

मी दोन पावलं मागे सरकले.

"मी तुझी आत्या," ती म्हणाली. "घरी विचार. नाही, नको विचारूस. बोलणी खाशील."

मी विचारलंच. आईने चुलीपासून न उठता तुटक तुटक सांगितलं. आत्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काजं करायची, बटणं लावायची. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड अण्णांकडे कोट शिवायला यायचा. त्याचं माप अण्णा स्वतः घ्यायचे. कसं आणि कधी जमलं, कुणाला पत्ता लागला नाही. एका सकाळी आत्या घरात नव्हती. चर्चमध्ये लग्न झालं, तिचं नावही बदललं. अण्णांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि विषय संपवला.

"बावीस वर्षं झाली," आई म्हणाली. "तू तिकडे फिरकू नकोस."

मी पुढच्याच आठवड्यात गेले. त्या वयात मला कुठेही स्वस्थ बसवत नसे. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं, आणि दर रविवारी कुणीतरी येऊन माझ्याकडे बघून जात होतं. आत्याच्या घरी निदान कुणी माझी उंची विचारणार नव्हतं.

आत्याचा नवरा, त्याला मी अंकल म्हणू लागले, रंगाने माझ्या अण्णांहून सावळा होता. डोळे मात्र घारे. त्याला मी बसलेला असा कधी पाहिलाच नाही. चहा तो उभ्याने प्यायचा. खिडकीपाशी जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा, घड्याळाला किल्ली द्यायचा. गाडीच्या शेवटच्या डब्यात आयुष्य उभ्याने गेलं, म्हणून असेल असं मला वाटलं. आत्या म्हणाली, "नाही गं. हे दोन वर्षांतलं आहे. गल्ली रिकामी व्हायला लागल्यापासूनचं."

गल्ली खरंच रिकामी होत होती. दर महिन्याला एखाद्या घराचं सामान बाहेर मांडलेलं दिसायचं, पियानो, पाळणा, चिनी मातीच्या बशा. ते कुटुंब इंग्लंडला नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघालेलं असायचं. अंकलचा भाऊ इंग्लंडला गेला होता. ज्यांच्याबरोबर तो हॉकी खेळला तेही बहुतेक गेले होते. आता त्यालाही इंग्लंडला जायचं होतं. पण त्याच्या फॉर्मवर एक जागा रिकामी होती. बापाच्या बाजूचा कोणता पूर्वज तिकडे जन्मला, कुठे जन्मला, आणि त्याला पुरावा काय.

"माझा पणजोबा आयर्लंडहून आला," अंकल म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" आत्याने विचारलं.

त्याच्याकडे होत्या त्या फक्त गोष्टी. एका मावशीच्या मते, आयर्लंडात बटाटा कुजला, माणसं उपाशी मेली, तेव्हा हा जहाजात चढला. दुसरी सांगायची, तो जमीनदाराचा मुलगा होता आणि बापाशी भांडून निघाला. अंकलच्या बापाने सांगितलेली तिसरी गोष्ट अशी की त्याने जमीनदाराचा घोडा मारला आणि रातोरात पळाला. अंकलला जमीनदाराच्या मुलाची गोष्ट आवडायची.

आत्याला इंग्रजी बोलता यायचं, पण जुनं वळणदार अक्षर वाचता यायचं नाही. अंकलची नजर कमजोर झाली होती, आणि धीर तर त्याला नव्हताच. म्हणून चर्चच्या कचेरीत रजिस्टरं चाळायचं काम माझ्याकडे आलं.

कचेरीतले कारकून सत्तरीचे तमिळ गृहस्थ होते. ते आधी माझ्या कुंकवाकडे बघायचे, मग अंकलकडे, आणि मग काही न विचारता चामड्याच्या बांधणीचं एक पुस्तक टेबलावर ठेवायचे. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. शाई कुठे तांबूस झालेली, कुठे कागद जाळून पलीकडे गेलेली. मी बोट न टेकवता ओळीवरून पेन्सिल धरून वाचायचे. अंकल मागे येरझाऱ्या घालायचा.

"सापडलं?"

"अजून नाही."

"स्वल्प लवकर वाच की."

"अंकल, तुम्ही बाहेर जाऊन या."

तो जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा.

आडनाव सापडत नव्हतं याचं कारण दोन महिन्यांनी कळलं. लिहिणाऱ्या प्रत्येक पाद्र्याने ते आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं. एकाने दोन अक्षरं जास्त घातली होती, एकाने पहिलंच अक्षर बदललं होतं. मी ते नाव मोठ्याने म्हणून बघितलं, आमच्या बोळातल्या माणसाने म्हटलं असतं तसं, आणि मग एका पानावर थांबले. लग्नाची नोंद होती, शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची. नवरदेव शिपाई, पलटणीचा आकडा दिलेला, त्याच्या बापाचं नाव दिलेलं. वधूच्या रकान्यात चर्चने ठेवलेलं एक नाव आणि पुढे दोन शब्द, "इथली बाई." तिच्या बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

अंकलने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पहिल्यांदाच तो क्षणभर स्थिर उभा राहिला. "हाच," तो म्हणाला. "हाच तो." त्याचा आवाज फाटला आणि कारकुनांनी त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी आत्याला सांगितलं तेव्हा तिने पणजोबाविषयी काही विचारलंच नाही. "तिचा बाप कोण, लिहिलेलं नाही?" ती म्हणाली.

"रेघ आहे."

"माझ्या लग्नातही पाद्री म्हणाला, बापाचं नाव सांग. मी म्हटलं, नको. कशाला त्यांचं नाव तिथे? मग त्यानेही रेघ मारली." एवढं बोलून ती भात बघायला उठली.

पण पणजोबा कुठे जन्मला हे त्या पानावर नव्हतं. नुसतं आयर्लंड म्हणून भागणार नव्हतं. पलटणीच्या आकड्यावरून मी लंडनच्या दफ्तरखान्याला पत्र टाईप केलं. मग वाट बघणं सुरू झालं. अंकल रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभा राहायचा. त्या तीन महिन्यांत गल्लीतली आणखी दोन घरं गेली. माझ्या रविवारांतही दोन स्थळं येऊन गेली, एक बेळगावचं, एक हुबळीचं. हुबळीच्या मुलाच्या आईने माझं टायपिंग सुटेल ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुटणार नाही. त्यावरून घरात मोठा कल्लोळ झाला, आणि मला बरं वाटलं.

लंडनहून उत्तर आलं ते मी वाचलं, अंकल दारात उभा होता. शिपायाच्या निवृत्तीचा कागद त्यांना मिळाला होता. त्यात त्याची उंची होती, डोळ्यांचा रंग होता, जन्मगावाचं नाव होतं. आणि भरती होण्यापूर्वीचा धंदा.

"काय धंदा?" अंकलने विचारलं.

मला हसू आवरेना. "शिंपी."

"काय?"

"शिंपी होता, अंकल. टेलर."

आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. तिने कागद हातात घेतला, स्वतः एक एक अक्षर लावून तो शब्द वाचला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसली. "घोडा मारला म्हणे! जमीनदाराचा मुलगा म्हणे! अरे, तू आमच्याच जातीतला निघालास की."

अंकल रुसला. दोन दिवस त्याने त्या कागदाला हात लावला नाही. मग त्यानेच मला पणजोबाच्या गावच्या चर्चला पत्र लिहायला बसवलं.

आयर्लंडच्या त्या गावातल्या पाद्र्याचं उत्तर यायला पावसाळा उलटला. चांगलं लांबलचक पत्र होतं. सरकारी दफ्तरखाना तिकडच्या यादवीत जळाला, पण आमची वही आमच्या कपाटात असल्यामुळे वाचली, असं त्याने लिहिलं होतं. सोबत बाप्तिस्म्याच्या नोंदीची सहीशिक्क्यानिशी नक्कल. आईचं नाव, बापाचं नाव, दोन साक्षीदार. त्या आडनावाचं एक घर गावात अजून आहे, हेही त्याने कळवलं.

झालं, असं आम्हाला वाटलं. फॉर्म गेला. महिन्याभरात परत आला. अंकलची बाजू ठीक होती. पत्नीच्या जन्माचा पुरावा मात्र जोडलेला नव्हता.

आत्याच्या जन्माचा कागद कुठेच नव्हता. घरी जन्मलेल्या शिंप्याच्या मुलीची नोंद तेव्हा कोण करणार? शाळेत ती गेली नव्हती. लग्नाच्या नोंदीत नवं नाव आणि बापाच्या जागी रेघ. मी फॉर्म घेणाऱ्या कचेरीतल्या एका माणसाला विचारून आले. तो म्हणाला, तिच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावं. आजी-आजोबा नव्हते. तसा नातेवाईक जगात एकच उरला होता.

"राहू दे," आत्या म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस समुद्रापलीकडून सापडला, आणि मी इथे जिवंत बसलेय तर माझा पत्ता नाही. राहू दे. तू एकटा जा रे."

अंकल खिडकीशी होता. "मी एकटा कुठे जाऊ?" तो म्हणाला. त्या घरात तेवढं हळू बोललेलं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रतिज्ञापत्र टाईप केलं, ते पिशवीत घातलं आणि सरळ दुकानात गेले. अण्णा कापड बेतत होते. खडूची रेघ पुरी होईपर्यंत मी थांबले. मग सगळं सांगितलं. शॉर्टहँडचा वर्ग नव्हता हे आधी, बाकीचं नंतर. ते कात्री चालवत राहिले. मला वाटत होतं, कात्री थांबली की माझ्यावर येईल. ती थांबली नाही.

"तो गार्ड अजून आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. त्याचा पणजोबा शिंपी होता, अण्णा."

"कोण म्हणतो?"

"लंडनचा कागद."

"शिंपी होता तर सैन्यात कशाला गेला?" हे त्यांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं. मी म्हटलं, दुष्काळ पडला असेल. त्यांनी मान डोलावली. मग हात पुढे केला. "दे."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी एक एक ओळ मराठीत सांगत गेले. मी अमुक, अमुकचा मुलगा, धंदा शिवणकाम. ही माझी सख्खी धाकटी बहीण. जन्मस्थळ बेंगळूर.

"चूक," अण्णा म्हणाले.

"काय चूक?"

"बेंगळूर नाही. होसकोटे." त्यांनी कात्री खाली ठेवली. "प्लेगचं वर्ष होतं. पेटे ओस पडली होती. आम्ही सगळे होसकोट्याच्या तळ्याकाठी झावळ्यांच्या खोपटात राहायला गेलो होतो. मी अकरा वर्षांचा होतो. नागपंचमीचा दुसरा दिवस. आईने मला बाहेर बसवलं आणि सांगितलं, कुणाला आत येऊ देऊ नको. दुपारी ही जन्मली. सुईण म्हणाली, मुलगी आहे, पण रडत नाही. मग रडली, आणि थांबेचना. त्या खोपटांत प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेलं होतं. तिचं रडणं ऐकायला बाया येऊन उभ्या राहिल्या." त्यांनी खडू उचलून परत ठेवला. "हे तिला माहीत नसेल. तिला कोण सांगणार होतं? नीट लिहून आण. खोटं लिहिलेल्या कागदावर मी सही करत नाही."

मी पुन्हा टाईप केलं.

ठरलेल्या दिवशी अण्णा बंद गळ्याचा कोट आणि डोक्याला रुमाल बांधून आले. आत्या आधीच बाकावर होती, अंकल तिच्याजवळ उभा होता. अण्णा त्यांच्यापासून दूर भिंतीशी उभे राहिले. पुकारा झाल्यावर आम्ही आत गेलो. मॅजिस्ट्रेट कन्नडमध्ये बोलत होते. त्यांनी कागद वाचला, आत्याच्या फ्रॉककडे पाहिलं, अण्णांच्या रुमालाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"ह्या तुमच्या कोण?"

"तंगी," ते कन्नडमध्ये म्हणाले. धाकटी बहीण.

"सख्खी?"

"सख्खी. एका आईची."

"यांचं नाव?"

अण्णांनी तिचं जुनं नाव सांगितलं. त्या नावाने तिला बावीस-तेवीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. आत्याने तोंडावर हात ठेवला. कागदावर चर्चचं नाव होतं, तेव्हा मॅजिस्ट्रेट म्हणाले, दोन्ही लिहा, मध्ये ऊर्फ घाला. मी तिथेच पेनने घातलं. अण्णांनी सावकाश, कानडी अक्षरात सही केली.

बाहेर व्हरांड्यात आम्ही चौघंही घोटाळत उभे राहिलो. अंकलने हॅट काढून हातात धरली होती आणि या वेळी पाय हलवत नव्हता. आत्या म्हणाली, "दादा."

अण्णा तिच्या गळ्याकडे बघत होते. "ही कॉलर कुणी लावली?"

"मीच."

"डावीकडे चढलीय. उसवून परत लाव."

"सरी," ती कानडीत म्हणाली, बरं. "लावते."

एवढंच. ते बस पकडायला निघून गेले. आत्याला घरी नेईपर्यंत ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

ते दोघे उन्हाळ्यात गेले. अण्णा स्टेशनवर आले नाहीत. गाडी किती वाजता आहे, एवढं मात्र सकाळी मला दोनदा विचारलं. त्या दिवशी त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाची विजार इंचभर आखूड कापली, आणि दुसरं कापड आणून रात्रीच्या आत शिवून दिली.

मला पुढे सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. लग्न उशिरा झालं, माझ्या अटीवर. नोकरी लागेपर्यंतचे काही महिने मी पुन्हा त्या चर्चच्या कचेरीत जात असे. पणजोबाच्या बायकोचं मूळ नाव, तिचं गाव, तिची माणसं, काहीतरी मिळेल म्हणून. कारकून म्हणायचे, "अम्मा, तुमचं काम झालं ना? आता कुणाला शोधता?" मी सांगायचे आणि ते पुस्तक काढून द्यायचे. तिच्या दफनाची नोंद मिळाली. तिथेही चर्चचंच नाव होतं. त्याच्या मागे काही मिळालं नाही. शेवटी मी जाणं सोडलं. पण बरीच वर्षं, पेटेत कुणाच्या घरी घाऱ्या डोळ्यांचं मूल दिसलं की हे डोळे तिच्या माणसांचे तर नाहीत ना, असं वाटून माझी नजर त्याच्यावर रेंगाळायची.

आत्याची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर यायची. मराठी, मोठ्या अक्षरात, लहान मुलासारखी. अण्णा ती आधी स्वतः फोडून वाचायचे, मग मला द्यायचे आणि त्यावर काही बोलायचे नाहीत. अंकल तिकडे रेल्वेतच सामान चढवण्याच्या कामाला लागला होता. दुसऱ्या वर्षी रजा घेऊन तो एकटाच आयर्लंडला, त्या गावी जाऊन आला. आडनावाचं घर त्याला सापडलं. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं, त्याच्या रंगाकडे बघून जरा थबकली, मग आत बोलावून चहा दिला. त्याने बाप्तिस्म्याची नक्कल दाखवली. ती म्हणाली, असेल बाई, आमच्यातले पुष्कळ गेले. तो दोन दिवस राहणार होता. त्याच संध्याकाळच्या बोटीने परत आला. काय झालं, असं आत्याने विचारलं, तर म्हणाला, काही नाही, चांगली होती बाई, पण पुढे काय बोलायचं ते कळेना.

त्यानंतरच्या पत्रात होतं की आता त्याच्या डोक्यात ऑस्ट्रेलिया शिरलंय. भाऊ तिकडे जाणार, हवा कोरडी, ऊन आपल्यासारखं. नवे फॉर्म आणलेत. आत्याने लिहिलं होतं, "मी त्याला सांगितलं, तुला जायचं तर जा. मी दोनदा उठले, आता उठणार नाही. खालच्या मजल्यावरच्या बायका माझ्याकडे कपडे शिवायला देतात. मला इथे बरं आहे. तो चार दिवस घरभर फिरत होता. मग फॉर्म कपाटावर ठेवले."

हे पत्र अण्णांनी माझ्यासमोर वाचलं. घडी घालून माझ्याकडे दिलं.

"बरं केलं," ते म्हणाले, आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागले. दोन वेळा चुकला. मी ओवून दिला.